अंतरपाटाआड पाहिलेलं

संपादकबाईंनी फोनवर दोन अटी घातल्या. सूत्रं नकोत आणि जन्मापासूनची हकीकत नको. दोन्ही मला सोयीच्या. हकीकत सांगण्यासारखी नाही, आणि माझीच जुनी सूत्रं हल्ली मला ओळख दाखवत नाहीत. राहता राहिलं काम. तर कामाबद्दल आधीच सांगून टाकतो: आयुष्यभर मी ज्या गोष्टी शोधल्या, त्यातली एकही सापडली नाही. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ मला अजून विचारतात, "काय साहेब, सापडला का तुमचा कण?" मांजर हरवलंय अशा सुरात. मी "अजून नाही" म्हणतो, ते "सापडेल, सापडेल" म्हणतात आणि त्यांचा मजला येतो.

आमचा धंदा थोडक्यात असा. हे जग ज्या मूळ कणांचं बनलंय, त्यातल्या प्रत्येकाला एक अदृश्य जोडीदार असायला हवा असं एक फार देखणं गणित आहे. त्याला सुपरसिमेट्री म्हणतात. इलेक्ट्रॉनचा जोडीदार सिलेक्ट्रॉन, क्वार्कचा स्क्वार्क, ग्लुऑनचा ग्लुइनो. नावं ठेवण्यात आमची जमात पटाईत. पाळण्यात बाळ नाही आणि बारसं उरकून घुगऱ्या वाटलेल्या.

माझी आई मालवणकडची. वडील गिरणीत होते तोवर लालबाग, मग गिरणी गेली आणि आम्ही मुलुंडला आलो. आईला माझं काम काय ते कधी नीट कळलं नाही, पण एकदा दिवेलागणीला मी माझ्या मुलीला ही नावं गंमत म्हणून पाठ करून घेत होतो, तेव्हा ती देवापुढून उठून बाहेर आली. "जां दिसना नाय, तेका नावान हाक मारू नये रे," ती म्हणाली. "ओ दिल्यान तर?"

मी हसलो. मुलगीही हसली. आई हसली नाही.

साधी सुपरसिमेट्री बरीच वर्षं चालली. पण तिच्यात एक गाठ होती. एक आकडा त्या गणितात आपल्या हाताने भरावा लागे, आणि तो तेवढाच का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ती गाठ सोडवायला काही लोकांनी कुटुंब वाढवलं. आणखी एक कण आणला, जो कुणात मिसळत नाही, कुठल्याच बलाला फारशी दाद देत नाही. त्याच्या येण्याने आकडा आपोआप जुळतो. फक्त घरातली माणसं वाढतात. पाच हिग्ज कणांचे सात होतात, न्यूट्रलिनो नावाच्या चार जोडीदारांचे पाच. या पाचव्याचं नाव सिंगलिनो. एकटा राहणारा. आम्ही मराठी लोक आपसात त्याला 'ती' म्हणायचो, का ते आठवत नाही. एकलकोंडी.

माझी शेवटची दहा-बारा वर्षं हिच्या पाठीमागे गेली.

ती स्वतः दिसत नाही. मग शोधायची कशी? कॅरम डोळ्यांपुढे आणा. स्ट्रायकर मधल्या सोंगट्यांवर बसला की त्या चहूबाजूंना उडतात. समजा सगळ्या डावीकडेच उडाल्या, उजवीकडे एकही नाही. तर उजवीकडे नक्की काहीतरी गेलंय, आपल्याला दिसलं नाही इतकंच. युरोपात जमिनीखाली एक प्रचंड यंत्र आहे, तिथे कण एकमेकांवर आदळतात, आणि त्या टकरींच्या नोंदी आम्ही इथे मुंबईत बसून चाळतो. आमच्या संस्थेची बस रोज देवनारवरून जाई. कचरा डेपोच्या भिंतीमागे काय चाललंय ते खिडकीतून दिसत नसे, पण वर घारी गोल गोल फिरत. घारी दाट झाल्या की बसमधले लोक रुमाल नाकाला लावत. माझं काम त्या घारी मोजण्याचं, असं मी बायकोला सांगायचो.

सिंगलिनोची खूण मात्र घारींपेक्षा विचित्र आहे. तिच्यात रूपांतर होणारा जड कण जन्मल्यावर लगेच मरत नाही. सिंगलिनोशी त्याचा संबंध इतका तुटक, की त्याला वेळ लागतो. टकरीच्या जागेपासून तो गुपचूप काही सेंटीमीटर जातो, कुठलीच खूण न ठेवता, आणि मग फुटतो. चित्रात आपल्याला काय दिसतं? मधे टक्कर झाली आहे, रेषांचा गुच्छ आहे, आणि त्यापासून दूर, जिथे काहीच नाही अशा पोकळीत, अचानक दोन रेषा सुरू होतात. ओल्या वाळूवर मधूनच पावलं उमटायला लागावीत, आणि त्या जागेपर्यंत यायची पावलं नसावीत, तसं. असं पहिलं चित्र मी पाहिलं ते बनावट होतं, संगणकाने नमुना म्हणून काढलेलं. तरी मानेवर काटा आला होता.

आता दोन शब्द सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिला शब्द शीव. यंत्रात नळ्या असतात, तारा, आधाराच्या पट्ट्या. त्यांच्यावर आपटूनही रेषा सुरू होतात, त्यात नवल काही नाही. म्हणून प्रत्येक वस्तूभोवती पाच मिलिमीटरची हद्द आखायची आणि त्या हद्दीतून निघणाऱ्या रेषा फेकून द्यायच्या. हद्दीला 'शीव' हे नाव माझ्या विद्यार्थिनीने, वैदेहीने, दिलं. "शिवेच्या आतले ते मुंबईवाले, बाहेरचे आपण उपनगरवाले," ती म्हणाली. ती बोरिवलीची, मी मुलुंडचा, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसरा शब्द अंतरपाट. आमच्या कामात सगळ्यात मोठी भीती आपल्याच डोळ्यांची असते. जे पाहायची इच्छा आहे ते माणूस पाहतोच. म्हणून ज्या भागात सिंगलिनो दिसेल असं वाटतं, तो भाग प्रोग्रामात झाकून ठेवायचा. चाळण्या, हद्दी, सगळं न पाहता ठरवायचं, लेखी कायम करायचं, आणि मगच एकदा, सर्वांसमक्ष, झाकण काढायचं. लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांमधे कापड धरतात तसं. प्रोग्रामातल्या त्या ओळीचं नावच वैदेहीने 'अंतरपाट' ठेवलं होतं. ती ओळ चालू असली की काही दिसत नाही. ओळीच्या सुरुवातीला एक छोटं चिन्ह टाकलं की ओळ झोपते.

वैदेहीचे वडील ती शाळेत असताना गेले. आई बोरिवली पूर्वेला पोळीभाजी केंद्र चालवते. पोरीने पीएचडीचं पाचवं वर्ष पुरं करत आणलं होतं, शिष्यवृत्तीचे पाच महिने उरले होते. आमच्यात 'सापडलं नाही' यावरही पीएचडी मिळते, हे बाहेरच्यांना पटत नाही. पण जिथे शोधलं तिथे ती नाही एवढं छातीठोक सांगता आलं, तरी पुढच्यांचे कष्ट वाचतात. अट एकच. शोध स्वच्छ हवा. अंतरपाटाआड कुणी डोकावलेलं नको. कुणी डोकावलं, तर ती नोंदींची रास त्या कामासाठी बाद. नवी रास मिळून ती चाळून होईपर्यंत दोन वर्षं सहज जातात, आणि वैदेहीकडे दोन वर्षं नव्हती.

डोकावलो मी.

मुद्दाम नाही. पण 'मुद्दाम नाही' हे वाक्य मी इतक्यांदा स्वतःला ऐकवलंय की त्यातला अर्थ गेला. दुपारचे चार वाजले असतील. प्रोग्राम कुठेतरी अडत होता, म्हणून एकेक ओळ झोपवून पाहत होतो. अडचण सापडली. ओळी पुन्हा जाग्या केल्या. एक राहिली. मी अंतर दाखवणारी आकृती काढायला सांगितली, चहाचा घोट घेतला आणि पडद्याकडे पाहिलं.

रिकामं असायला हवं होतं. रिकामं नव्हतं.

तीन-चार सेकंद, जास्त नाही. खिडकी बंद केली, ओळ जागी केली, कपात उरलेला चहा तसाच सोडून बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. समोर माळी नळीने झाडांना पाणी घालत होता. मला आईची आठवण झाली. ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण तिचा तो प्रश्न कुणीतरी मागून कानात विचारावा तसा ऐकू आला. मी मागे वळूनही पाहिलं. वय वर्षं साठ, हाताखाली डझनभर पीएचड्या झालेल्या, आणि भर दुपारी व्हरांड्यात मागे वळून पाहतोय.

वैदेहीला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तिची वर्षं फुकट जातील, तिच्या आईला काय तोंड दाखवू, ही कारणं होती आणि खरी होती. पण त्यांच्याखाली आणखी एक होतं, तेही सांगतो. मला भीती वाटत होती की सांगितलं तर ते जाईल.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी आजवर बायकोलाही नीट सांगितलेलं नाही. पडद्यावरचे तेवढे ठिपके, त्याच मांडणीत, मला कुठेही दिसू लागले. बाथरूमच्या टाइल्सवर उडालेल्या पाण्यात. आमटीवरच्या मोहरीत. एकदा देवनारला बस सिग्नलला थांबली, वर पाहिलं तर घारी नेमक्या तेवढ्या, नेमक्या तशा. बस हलली आणि मांडणी मोडली, तेव्हा माझा श्वास सुटला. घरी दिवेलागणीला मी हॉलमधल्या एका कोपऱ्याकडे पाठ करून बसायला लागलो. त्या कोपऱ्यात काही नव्हतं. बायको म्हणाली, "काय हो, तिकडे कोण बसलंय का?" मी म्हटलं, पंख्याचा वारा लागतो. मी त्या एकलकोंडीला पाहिलं याची धास्ती नव्हती. तिने मला पाहिलं आणि आता घर ओळखून ठेवलंय, असं काहीतरी वाटे. शास्त्रज्ञ माणसाने असं लिहू नये, पण वाटे ते वाटे.

खरी भीती पुढेच होती. आठवड्याच्या बैठकीत शिवेचा विषय निघाला आणि मी बोलायला लागलो. पाच मिलिमीटर म्हणजे फारच होतात, नळ्यांची जागा आपल्याला आता चांगली ठाऊक आहे, एवढी रुंद शीव ठेवून आपण खरी सिंगलिनोही फेकून देतोय, तीन पुरे. एकेक मुद्दा बिनतोड. माना डोलल्या. तीनवर शिक्कामोर्तब झालं. वैदेही वहीत लिहीत होती, वर पाहिलं नाही.

बैठकीहून परतताना जिन्यात माझ्या लक्षात आलं, की हे मुद्दे मी तयार केले नव्हते. तोंड माझं, आवाज माझा, आणि बोलवणारं दुसरंच काहीतरी. कोकणात अंगात येतं ती माणसं नंतर म्हणतात ना, आम्हाला काही आठवत नाही. मला सगळं आठवत होतं, एवढाच फरक. मी जे पाहिलं होतं, ते रुंद शिवेत अडकत होतं, त्याला आत यायला दार हवं होतं, आणि ते मी उघडून दिलं होतं. 

तरीही सांगितलं नाही.

झाकण काढायचं ते सोमवारी. आधीच्या गुरुवारी जेवणानंतर वैदेही माझ्या खोलीत आली. हातात एक कागद. शोधात सामील असलेल्या प्रत्येकाने त्यावर सही करायची असते: झाकलेला भाग मी पाहिलेला नाही. तिची सही झालेली होती, खाली माझ्यासाठी जागा. कागद तिने टेबलावर ठेवला, पेन त्यावर आडवं ठेवलं आणि ती उभी राहिली. एरवी ती धपकन बसायची आणि बडबड सुरू करायची.

मी पेन उचललं. टोपण काढलं. नावाचं पहिलं अक्षरही काढलं, तो 'श' अजून त्या कागदावर असेल. मग हात पुढे गेला नाही.

"वैदेही," मी म्हटलं, "मी पाहिलंय."

"माहीत आहे सर," ती म्हणाली. "एकोणीस दिवस झाले."

मी पेन खाली ठेवलं. तीच बोलू लागली. आवाज अगदी सपाट. "प्रोग्राम कुणी चालवला, कधी, अंतरपाट होता की नव्हता, याची नोंद मी ठेवते सर. पहिल्या दिवसापासून ठेवते. मला माझाच भरोसा नव्हता म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद बघितली तर तुमचं नाव."

"अगं मग बोललीस का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही सर आहात ना. मला वाटलं, आज सांगतील. मग वाटलं, उद्या सांगतील. त्या दिवशी तुम्ही तीन-तीन करायला लागलात, तेव्हा मला इतकं कसंतरी झालं, मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. तुमच्याकडे बघवत नव्हतं यार." तो 'यार' तिच्या लक्षातही आला नाही. "आज सही केली असतीत ना, तर मी हा कागद फाडला असता आणि घरी गेले असते. आईबरोबर पोळ्या लाटल्या असत्या. खरं सांगते. पण खोट्यावर डॉक्टर नसते झाले."

मग ती बसली, आणि रडली. मीही रडलो असेन. सांगायचं ते सांगून झाल्यावर उरलेलं सांगून मोकळं व्हावं, असं वाटून मी म्हटलं, "वैदेही, मला तिथे दिसलं की..."

"नको!" ती ओरडली. दोन्ही कानांत बोटं घातली लहान मुलीसारखी. "काय पाहिलंत ते सांगायचं नाही. शीव अरुंद केलीत यावरून जेवढं कळायचं तेवढं कळलं. पण आकडा नको. जागा नको. मी पाहिलेलं नाहीये अजून, सर. मला तसंच राहू द्या."

त्याच दिवशी मी गटाला पत्र लिहिलं. काय केलं ते सगळं लिहिलं, काय दिसलं ते सोडून. बरीच भवति न भवति झाली. काहींचं म्हणणं, रास बादच करा. शेवटी वैदेहीच्या नोंदींनी तिला वाचवलं: मी डोकावण्याआधी काय काय ठरलेलं होतं, ते त्यात तारीखवार होतं. ठरलं असं, की मी या कामातून बाहेर. शीव पुन्हा पाच, जशी आधी होती. आणि झाकण काढताना मी खोलीत असायचं नाही.

सोमवारी मी व्हरांड्यात उभा होतो. आतून आधी काही ऐकू आलं नाही. मग खुर्च्या सरकल्या. वैदेही बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली. "काही नाही, सर. जेवढं अपेक्षित तेवढंच," ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. मी "छान झालं" म्हटलं. तिला वेळेत पीएचडी मिळाली. परीक्षकाने विचारलं, शीव एवढी रुंद का ठेवलीत? ती म्हणाली, तसं आधीच ठरलं होतं.

मला काय दिसलं होतं ते यंत्रातली एखादी नोंद न झालेली पट्टी असेल. बहुतेक असंच असतं. दरवेळी असंच निघालंय. पण मी ते जुळवून पाहू शकत नाही, कारण जुळवायचं तर कुणाला तरी सांगावं लागेल, आणि या धंद्यातल्या गोष्टी फिरत फिरत बरोबर नको त्या कानी जातात. वैदेही आता परदेशात असते. दहापट मोठी रास घेऊन तोच शोध तीच चालवते, नवी शीव, नवा अंतरपाट. या दिवाळीनंतर झाकण काढणार आहे. मी निवृत्त झालो आणि माझ्या चुकीचा तिला त्रास झाला नाही, असं लोक म्हणतात. एकोणीस दिवस ती रोज सकाळी माझं तोंड पाहून आशेने बसत होती, ते लोकांना माहीत नाही. त्याची मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

हा लेख लिहितोय असं तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मला वाचायचाय. पण आधी आईला पाठवा. ती बघेल, मग मी."

म्हणून इथवरचा मजकूर आधी बोरिवलीला गेला. काल दुपारी वैदेहीच्या आईंचा फोन आला. मागे पोळ्या लाटण्याचा आवाज, बायकांची बोलणी.

"सर, दोनदा वाचला. पेन्सिल घेऊन बसले होते. पाच आहेत, तीन आहेत, ते सात हिग्ज आहेत, एकोणीस आहेत. त्यातला कुठला तुम्ही पाहिलेला नाही ना?"

"नाही."

"जागा पण कुठे सांगितलेली नाहीये. बरोबर?"

"बरोबर."

"मग देते तिला." त्यांचा आवाज खाली आला. बहुधा फोन घेऊन बाहेर आल्या असाव्यात, कारण मागचा गलका कमी झाला. "एक विचारू? तुम्ही ते सांगू शकत नाही ते ठीक आहे. पण सर, तुम्हाला ते अजून दिसतं का हो?"

नाही म्हणता आलं असतं. त्यांनाही तेच ऐकायचं होतं. मी हॉलमध्ये बसलो होतो, कोपऱ्याकडे पाठ करून.

"दिसतं," मी म्हटलं.